लहान मुले, एकच किनारा आणि ओहोटीच्या वेळेवर चालणारे घर

आगरवाडी (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर असलेल्या एका वाडीत राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुले आहोत. थोरली सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी ठाण्याची भाड्याची जागा सोडून आम्ही या जुन्या चिरेबंदी घरात आलो, आणि तेव्हापासून नातलगांपासून जुन्या मैत्रिणींपर्यंत सगळे एकच विचारतात, की मुलांना तिथे करमते कसे, आणि समुद्र इतका जवळ असताना तुम्हाला भीती कशी वाटत नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगून होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे म्हणणे असे, की लहान मुलांच्या आयुष्यात साहस आणण्यासाठी दर महिन्याला नवे ठिकाण लागत नाही. एकच किनारा, एकच खडप (ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ भाग), एकच पाखाडी (दगडी पायवाट) वर्षाच्या बाराही महिन्यांत पुन्हा पुन्हा बघायला मिळाली तर ती मुलांना पुरून उरते. अट एवढीच, की तो किनारा आईबापांनी मुलांच्या आधी शिकलेला असला पाहिजे. मी स्वतः शहरात वाढलेली आहे आणि ही अट मला एका वाईट सकाळी कळली. ती सकाळ आधी सांगते.

इथे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा धरले की सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, जिला इकडे सुकती म्हणतात. सासूबाईंना हे गणित तोंडपाठ आहे, आणि मी ते पहिल्याच महिन्यात शिकले होते. त्या दिवशी अमावस्येनंतरची प्रतिपदा होती. भरती पाऊण वाजता, म्हणजे सुकती सकाळी पावणेसातच्या सुमारास. घरातली कामे आवरून मी दोन्ही मुलांना घेऊन आठ वाजता खडपावर पोहोचले, आणि पाऊण वाजेपर्यंत भरपूर वेळ आहे असे मनाशी धरून बसले.

चूक इथे होती. पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढीच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढे वर येते, त्यामुळे समुद्र हललेलाच नाही असे वाटते; तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी चौथा हिस्सा पाणी चढते. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे मुळात चढच मोठी. आमच्या खडपाच्या आणि वाळूच्या मध्ये एक घळ आहे. येताना ती कोरडी होती. साडेनऊला मी मागे वळून पाहिले तेव्हा तिच्यात माझ्या गुडघ्याच्या वर पाणी होते आणि ते आत ओढत होते. धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा होता. मी त्याला कडेवर घेतले, थोरलीचा हात धरला आणि पाण्यात उतरावे की नाही हे मला ठरवता येईना. किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करत बसलेले आमच्या शेजारचे तांडेलकाका धावत आले. त्यांनी थोरलीला खांद्यावर घेतले, मला त्यांच्या कमरेचा दोर धरायला सांगितला आणि आम्हाला पलीकडे आणले. ते रागावले नाहीत. वाळूवर आल्यावर एवढेच म्हणाले, "वहिनी, खडपावर सुकतीच्या आधी जायचं असतं. पाणी लागलं की पाय काढायचा."

तेव्हापासून घराचा नियम ठरला आहे. सुकतीच्या वेळेआधी दीड तास खडपावर पोहोचायचे आणि पाणी फिरले की परतायचे, मग समोर काहीही चालू असो. थोरली आता स्वतः कॅलेंडर बघून तिथीचे गणित करते. पावकीचे पाढे तिला शाळेच्या आधी समुद्रामुळे आले.

आता करमण्याबद्दल. खडपावर एक खळगा आहे, पुरणाच्या पातेल्याएवढा, हातभर खोल. ओहोटीला त्यात पाणी अडकून राहते. आमच्या मुलांनी गेल्या दोन वर्षांत या एका खळग्यापाशी किती तास काढले असतील याची मोजदाद नाही. त्याच्या एका कडेला कालवांची रांग आहे, तळाशी हिरवट समुद्रफुले आहेत. सावली पडली की ती मिटतात आणि हालचाल थांबली की पुन्हा उमलतात. मागच्या माघात थोरलीने वाळूवरचे पाच रिकामे शंख आणून खळग्यात एका ओळीत ठेवले, कारण शंखात राहणारा एक खेकडा तिला आपल्या घरात मावेनासा झालेला दिसला होता. बराच वेळ काही झाले नाही. धाकटा कंटाळून बाजूला गेला. मग तो खेकडा सरकत आला, पहिल्या शंखाच्या तोंडात त्याने नांगी घालून चाचपले, तो सोडला, दुसरा उलटा केला, तिसऱ्यापाशी थांबला, आणि डोळ्याची पापणी लवण्याच्या आत आपले मऊ, वाकडे, गुलाबीसर अंग जुन्या शंखातून काढून नव्या शंखात घातले. मी छत्तीस वर्षांची आहे आणि मीही हे प्रथमच पाहत होते. थोरली श्वास रोखून बसली होती. जुना शंख तिने घरी आणला नाही. तो कोणाला तरी लागेल असे म्हणून तिथेच ठेवला.

बाकी आमचे घर साधे आहे. चार खोल्या, पडवी, मागील दारी विहीर आणि दोण, पलीकडे नारळ-पोफळीचे आगर. नवरा घरूनच हिशेबाची कामे करतो आणि मी आंबा-कोकमाचे पदार्थ करून विकते. टीव्ही नाही, कारण पहिल्या पावसात तो बिघडला आणि नंतर कोणी आठवण काढली नाही. मुलांच्या वाट्याला कामे आहेत: पडलेल्या सुपाऱ्या वेचणे, आगरात शिंपण चालू असताना पाटाचे तोंड मातीने बुजवून पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवणे, रातांबे (कोकमाची फळे) फोडताना बिया वेगळ्या काढणे. पाट वळवण्याचे काम धाकट्याला इतके आवडते की त्यासाठी तो जेवण सोडून उठतो. काजूच्या बियांना मात्र आम्ही मुलांना हात लावू देत नाही, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

जून ते ऑगस्ट समुद्र आमच्यासाठी बंद असतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांनाही मासेमारीची बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, आणि मुलांना सांगायला तेवढे पुरते, की जिथे तांडेलकाकांची होडी जात नाही तिथे आपण जात नाही. तेव्हा शेत असते. तरवा (भाताची रोपे) काढून त्याच्या मुठी बांधायच्या आणि त्या चिखलातून लावणी करणाऱ्यांपर्यंत पोहोचवायच्या, हे थोरलीचे काम. पाऊस ओसरू लागला की सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, जायचे. भाद्रपदात सगळा कातळ 'सीतेची आसवे' या फुलांनी निळा-जांभळा झालेला असतो आणि साचलेल्या पाण्यात बेडकांची पिल्ले असतात.

आपल्यापैकी कोणी कोकणात किंवा अन्यत्र लहान मुलांबरोबर असे राहत असेल, किंवा राहावे की नाही या विचारात असेल, तर सविस्तर लिहावे. विरोधी मतही अवश्य लिहावे.

बकुळफुले

धागा फार आवडला. मी पुण्यात राहते, माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. आम्हाला वर्षातून फार तर दोनदा चार-चार दिवस कोकणात येता येते. त्या चार दिवसांत सकाळी देऊळ, दुपारी किल्ला, संध्याकाळी दुसरा किनारा असे करत आम्ही मुलाला गाडीत झोपवूनच फिरवतो आणि परत येईपर्यंत तो आजारी पडतो. एवढ्या थोड्या दिवसांत तुम्ही म्हणता तसे काही करता येईल का? आणि पाण्याची भीती न घालता सावधपणा कसा शिकवायचा?

आगरवाडी

नक्कीच करता येईल. चारही दिवस एकाच गावात राहा आणि गाडी उभी करून ठेवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी किनारा फक्त बघा, पाण्यात उतरू नका. गावातल्या दोन माणसांना विचारा, की इथे पाणी कुठे ओढते, घळ कुठे आहे, खाडीचे तोंड कुठे आहे. हे गुगलवर मिळत नाही, आणि विचारले की कोणीही आनंदाने सांगतो. नंतरचे तीन दिवस त्याच जागी, रोज ओहोटीच्या वेळेला जा. ओहोटी रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते, हे मुलाच्याही लक्षात येईल, कारण काल ज्या वेळी वाळूचा किल्ला केला त्या वेळी आज तिथे लाट असेल.

सावधपणाबद्दल आमच्याकडे तीनच गोष्टी आहेत. मुलांचे पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर जाता कामा नये. समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे नाही. आणि मोठ्या माणसाचा हात लांब केला की पोहोचेल एवढ्याच अंतरावर राहायचे. दोन मुले असतील तर दोन मोठी माणसे हवीत. त्या सकाळी मी एकटी होते, ही माझी दुसरी चूक होती. पायात जुने कॅनव्हासचे बूट घाला, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर मुळीच उचलू नये, त्यातल्या काही जाती विषारी असतात.

भीती घालू नका, वेळ सांगा. "पाण्यात जाऊ नकोस" यापेक्षा "पाणी आता चढायला लागले आहे" हे वाक्य मुलांना लवकर समजते.

कातळसडा

मी राजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. आपण सड्याचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. आमच्याकडे मुलांना घेऊन जाण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कातळशिल्पे. बारसू, देवीहसोळ, कशेळी, आणि रत्नागिरीच्या बाजूला उक्षी, जांभरुण अशा कितीतरी सड्यांवर जांभ्या कातळात कोरलेली माणसे, मासे, प्राणी आणि अजून कोणालाही नीट न उलगडलेल्या चौकटी आहेत. 2022 साली कोकणातली काही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती कोणी आणि कशासाठी कोरली हे खात्रीने सांगता येत नाही, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला हीच गोष्ट सर्वाधिक भुरळ घालते, की ज्याचे उत्तर गुरुजींनाही येत नाही असा प्रश्न पायाखाली पडलेला आहे.

कशेळीच्या हत्तीपाशी मी एकदा माझ्या दोन्ही मुलांना त्याच्या रेषेच्या बाहेरून पावले मोजत चालायला लावले. हत्ती एवढा मोठा आहे की एका टोकाला उभे राहून दुसरे टोक काय आहे ते कळत नाही, आणि त्याच्या पोटात दुसरे लहान-मोठे प्राणी कोरलेले आहेत. धाकटीने मासा शोधला, थोरल्याने त्याला मासा म्हणायला नकार दिला, आणि दोघे घरी येईपर्यंत त्यावरून भांडत होते. हे भांडण मला कोणत्याही सहलीपेक्षा मोलाचे वाटते.

दोन सूचना कळकळीने करतो. रेषांवर पाय देऊ नये, आणि फोटो उठून दिसावा म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरू नये. काही ठिकाणी लोकांनी तसे केले आहे आणि ते पाहून वाईट वाटते. दुसरे असे, की सड्यावर सावली नसते. मार्चनंतर सकाळी दहाला कातळ तव्यासारखा तापतो. उजाडता निघावे आणि नऊला परतावे. सकाळची तिरपी उन्हे असताना कोरीव रेषांत सावली पडते, त्यामुळे आकृतीही तेव्हाच स्पष्ट दिसते.

खाडीपलीकडचा डॉक्टर

मी रायगड जिल्ह्यात बरीच वर्षे ग्रामीण भागात काम केलेले आहे. हा धागा वाचून ज्यांच्या मनात गावी येण्याचा विचार आला असेल त्यांच्यासाठी विंचू आणि साप यांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

कोकणातल्या लाल विंचवाचा दंश मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला फार धोकादायक असतो. नुसती जागेवर आग होत असेल तर काळजी कमी. पण मुलाला दरदरून घाम सुटणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर विष हृदयापर्यंत पोहोचले आहे असे समजून एक मिनिटही दवडू नये. पूर्वी अशी मुले फुप्फुसांत पाणी होऊन डोळ्यांदेखत जात असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर वापरून दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण प्रचंड खाली आणले. त्यांचे हे काम जगभर मानले गेले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आहे, तो आपल्याच मातीत सापडलेला आहे, मात्र मूल वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे.

सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार ध्यानात ठेवावेत. फुरसे लहान असते, मातकट रंगाचे असते आणि सड्यावर दगडाखाली बसते. लहान साप म्हणून मुले त्याला हात लावतात. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवावा, मुलाला चालू देऊ नये आणि सरळ इस्पितळ गाठावे. सापावरचे इंजेक्शन जवळ कुठे मिळते याची चौकशी पावसाळ्याच्या आधीच करून तो फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

रोजच्या सवयी सोप्या आहेत. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) फटीत हात घालायचा नाही, चपला झटकून घालायच्या, रात्री अंगणात जाताना विजेरी हातात हवी, आणि अंथरूण जमिनीवर असेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचलेली हवी. लावणीच्या चिखलात मुलांच्या पायाला जखम असेल तर त्यांना उतरवू नये. लेप्टोस्पायरोसिस तिथूनच होतो. एवढे पाळून मुले खुशाल हिंडू द्यावीत. माझीही तशीच वाढली.

जुनी तर

माझे वय बाहत्तर. धागाकर्त्या ताईंनी विरोधी मत मागितले आहे म्हणून लिहितो, आणि ते त्यांना दुखवण्यासाठी नाही.

आमच्या लहानपणी आम्ही जे केले त्याला कोणी साहस म्हणत नसे. शाळा खाडीच्या पलीकडे होती म्हणून आम्ही तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, जात असू. पावसात ती बंद झाली की आठ-आठ दिवस शाळा बुडे. माझ्या बरोबरचा एक मुलगा याच खाडीत गेला. त्याचे दप्तर तिसऱ्या दिवशी कांदळवनात सापडले, हे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा तरीत बसणे ही गरज होती, निवड नव्हती. आपण आज निवडू शकता, कारण दारात गाडी आहे, घरात फोन आहे, पलीकडे जायला फेरीबोट आहे. हा फरक लिहिण्यात यावा असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. साध्या राहणीचे कौतुक करताना त्या साधेपणाचे कष्ट कोणाच्या अंगावर पडतात हे विचारले पाहिजे. माझ्या आईचा दिवस पहाटे रहाटावर सुरू होत असे आणि रात्री चुलीपाशी संपत असे. पुरुषमाणसे मुंबईला गिरणीत. आम्हा मुलांचे बालपण मोकळे होते, ते तिच्या पाठीवर उभे होते. चार मुले समुद्रावर काय करतात हे बघायला ती कधी आलीच नाही, कारण तिला वेळच नव्हता.

आगरवाडी

काका, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, की त्या लग्न होऊन या घरात आल्यावर समुद्रात पाय बुडवायला त्यांना तीन वर्षे लागली, आणि समुद्र पंधरा मिनिटांवर होता.

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आमच्या घरात विहिरीला पंप आहे, गॅस आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे, आणि ही तीन यंत्रे नसती तर हा धागा मी लिहिला नसता. सकाळचा स्वयंपाक नवरा करतो. ते गावात पहिल्यांदा लोकांना चमत्कारिक वाटले, आता वाटत नाही. तरीही फणसाच्या दिवसांत, रातांब्यांच्या दिवसांत कामाचा डोंगर असतो आणि तेव्हा मुलांकडे आठवडाभर कोणाचेच लक्ष नसते, हेही खरे आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा आमच्या आगरातल्या अकरा पोफळी आणि दोन माड पडले. धाकटा तेव्हा तान्हा होता. चार दिवस वीज नव्हती, पंप बंद, आणि मी पोहऱ्याने पाणी शेंदत होते. साधेपणा निवडलेला आणि साधेपणा लादलेला यांतले अंतर मला त्या चार दिवसांत कळले. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात लोकांच्या बागाच्या बागा झोपल्या होत्या, त्यांच्यापुढे आमचे नुकसान काहीच नाही.

सासूबाई आता आठवड्यातून दोनदा मुलांबरोबर खडपावर येतात. खळग्यापाशी त्यांच्यासाठी एक सपाट दगड ठरलेला आहे.

रापणकर

मी मालवणच्या बाजूचा. लहान मुलांसाठी आमच्याकडे रापणीएवढी चांगली गोष्ट दुसरी नाही. होडीने जाळे अर्धवर्तुळात समुद्रात टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसे ओढतात. दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो अशी जुनी रीत आहे, आणि लहान मुलालाही मूठभर मासळी दिल्याशिवाय कोणी परत पाठवत नाही. माझ्या मुलीला पाचव्या वर्षी तिच्या कष्टाचे चार तारले मिळाले. ते तिने फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणले आणि आईने तळून वाढेपर्यंत चुलीपासून हलली नाही. रापण आता पूर्वीइतकी लागत नाही, मासळीही कमी झाली आहे, म्हणून दिसली तर मुलांना जरूर न्यावे. दोर ओढणाऱ्यांच्या लयीत पाय टाकावे लागतात, तेवढे आधी शिकवावे.

बकुळफुले

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतला आहे. आम्ही फाल्गुनात चार दिवस येण्याचे ठरवतो आहोत आणि एकाच गावात राहणार आहोत. कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना दाखवायची मुलाच्या बाबांची फार इच्छा आहे. तीन वर्षांच्या मुलाला ते जमेल का?

आगरवाडी

जमेल, आणि मग मंडणगड तालुक्यातल्या वेळासलाच राहा, दुसरीकडे कुठे जाऊ नका. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम उभे केले. मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. ती अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीवर पुन्हा पुरतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. राहणे-जेवणे गावातल्या घरांतच होते, त्यामुळे मुलाला ओसरी, अंगण आणि मऊभात तिन्ही मिळतील.

आम्ही गेल्या वर्षी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून, दापोली-मंडणगड करत गेलो. निघण्याआधी फोन करून घरटे कधी फुटण्याचा संभव आहे ते विचारले होते, तरी पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली नुसती वाळू निघाली. थोरली हिरमुसली. धाकट्याने मात्र टोपली उचलणाऱ्या दादांना विचारले, की आत झोपले आहेत का, आणि ते हो म्हणाल्यावर तो पुढचा अर्धा तास कुजबुजतच बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साडेसहाला दोरीच्या अलीकडे जाऊन बसलो. टोपली उचलली तर खाली सतरा पिल्ले होती. ती लाटांपासून थोड्या अंतरावर वाळूवर सोडली. पाण्यापर्यंतचे अंतर त्यांना स्वतः चालू देतात. एक पिल्लू दोनदा लाटेने परत आणून टाकले. धाकटा उठून पुढे जाईल म्हणून मी त्याचा सदरा धरून ठेवला होता, पण तो उठला नाही. तिसरी लाट आली, पिल्लू तिच्याबरोबर गेले, आणि त्याने माझ्याकडे वळून विचारले, "आता ओहोटी आहे का?"

ओहोटी होती. फ्लॅश वापरू नका, पिल्लांना हात लावू देऊ नका, आणि मुलाच्या अंगात स्वेटर घाला. फाल्गुनातही पहाटेचा वारा गार असतो.